बाजूचं दार

जर्मनीत ब्राउनश्वाइगजवळच्या खेड्यात आम्ही भाड्याने राहतो ते घर पूर्वी पाद्रीबाबांचं होतं. समोर ऐसपैस दार, बाजूला एक बुटकं. बुटक्या दाराला आतून टेकवून आम्ही चपलांचं कपाट ठेवलं होतं. एक म्हातारी रोज तिथे यायची, बूट पुसायची, कडी हलवून बघायची आणि निघून जायची. शेवटी मी वैतागून तिला म्हणाले, "समोरून या ना."

"समोरून लग्नाचं सांगायला यायचं," ती म्हणाली. "रडायचं असलं की इकडून. थेट पाद्रीबाबांच्या खोलीत. घरातल्या कुणाला दिसत नाही."

त्याच दिवशी मी कपाट हलवलं. ती पुन्हा आली नाही.

आता पुण्याहून आईच्या तब्येतीचा फोन आला, की मी तो त्या दाराशी जाऊन घेते.