बोटाचा गुण

माझी मुलगी दिवस भरायच्या कितीतरी आधी जन्मली. वाशीमच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत राहून एकदाची घरी आली, तेव्हाही तिचं डोकं माझ्या तळहातात मावत होतं. निघताना सिस्टरनं बजावलं होतं, बाळ उघड्या छातीशी धरायचं, बोंडल्यानं आईचंच दूध पाजायचं, आणि साबणानं हात धुतल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. जंतू लागला तर ही वाचायची नाही.

पण आमच्याकडे बाळ बघायला येणं म्हणजे बाळ चिवडणं. गोठ्यातून आलेला हात थेट गालाला. कुणी नाकात फुंकर घालू बघे, कुणी मुका घ्यायला तोंड पुढं करी. मला एकेकाची किळस यायची आणि ती चेहऱ्यावर दिसायची. लपवायची मला सवय नाही.

या सगळ्यांवर कडी म्हणजे सासऱ्यांचे थोरले भाऊ. घरात त्यांना मोठे बाबा म्हणतात. गालात कायम सुपारी-तंबाखूचा खर्रा, नखं त्यानंच काळी. कुणालाही तोंडावर काहीही बोलायचे आणि लोक त्याला बाणा म्हणायचे. सासरची रीत अशी, की ज्याच्या बोटानं बाळाला पहिला मध चाटवायचा, त्याचा गुण बाळात उतरतो. ते बोट मोठ्या बाबांचंच असणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

ते आले. प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा घोटला, तोंडात टाकला, बोट पँटला पुसलं आणि मधाच्या वाटीकडं नेलं. मी बाळ पदराखाली घट्ट धरलं.

"आधी साबणानं हात धुवा."

"काहून? मी का मसणातून येऊन राह्यलो?"

"मान असते त्यायचा," सासूबाई म्हणाल्या. "एका बोटानं काय होते?"

"मरते," मी म्हणाले. ते उठून गेले. घरात माझ्याशी कुणी बोलेना.

दुसऱ्या दिवशी मी आंघोळ करून आले, तर पोर मोठ्या बाबांच्या मांडीवर. सासूबाई शेजारी वाटी धरून हसत होत्या. बाळाच्या ओठाला मध, आणि त्या मधात सुपारीचा एक कण. मी तो पदरानं पुसला आणि न्हाणीत जाऊन भडाभडा ओकले.

पुढं पोर दूध ओढेना, अंग गार पडलं. जीपनं रिसोड, तिथून पुन्हा वाशीम, पुन्हा नाकात नळी. जंतू कशानं लागला हे सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मला सांगता येतं.

ती वाचली. आणि गावभर झालं काय, तर मोठ्या बाबांच्या बोटानं पोरगी तगली. हे ऐकून मला पहिल्यापेक्षा जास्त घाण वाटली.

आता ती शाळेत जाते. परवा घरी पाहुणे भरलेले असताना मोठ्या बाबांनी तिला मांडीवर ओढलं. तिनं नाक दाबलं.

"तुमच्या तोंडाचा वास येते. पयले हात-तोंड धुऊन या, मंग बसतो."

सासूबाई माझ्याकडं बघू लागल्या, जणू मीच शिकवून ठेवलं होतं.

"मी नाही शिकवलं," मी म्हणाले. "मोठ्या बाबांचाच गुण उतरला."