वरातीतला नवरदेव

इजिप्तमधल्या दमनहूरच्या सरकारी शाळेत वगदी मास्तर शेवटच्या वर्षाला इंग्रजी शिकवत, म्हणजे रिकाम्या बाकांवर ओरडत. पोरं यायची दोन-तीन, त्यातलं एखादं घोरत असे. बाकी सगळी टोळी हातेमच्या शिकवणीला. हा हातेम मास्तरांचाच जुना विद्यार्थी. लग्नाचा हॉल भाड्यानं घ्यायचा, शेजारी ढोलकीवाला बसवायचा आणि व्याकरणाचे नियम पोरांकडून गाऊन पाठ करून घ्यायचा. नाव नुसतं निघालं तरी मास्तरांच्या अंगाचा तिळपापड होई.

त्यांची स्वतःची रीत निराळी. चार ओळींचं एकच वाक्य फळ्यावर लिहीत आणि खडू आपटत. "अरे गाढवांनो, वरातीत माणसं शंभर, नवरदेव एक! आधी तो शोधा. कोण आहे, नि त्यानं काय केलं? बाकी 'जो', 'जरी', 'जेव्हा' म्हणत घुसलेत ते सगळे वऱ्हाडी. त्यांना मागाहून विचारा, बाबांनो, तुम्ही कुणाकडचे?"

घरी लेक नरमीन, त्याच वर्षाला. तिला ते रोज जेवणानंतर शिकवत. पोरीनं आपल्याकडूनच शिकावं, एवढी एकच हौस राहिली होती.

एका दुपारी कोपऱ्यावर तामिया, म्हणजे डाळीचे वडे, तळणारी उम्म सलामा म्हणाली, "मास्तर, तुमची नरमीन हातेमकडे काय टाळ्या वाजवते हो! गळाही गोड आहे."

मास्तर हातातला तामिया टाकून तडक हॉलात.

"बंद कर तो ढोल! बारसं आहे का कुणाचं?"

"या मास्तर, बसा. चहा मागवू?" हातेम हसत म्हणाला.

"चहा पाज तुझ्या ढोलकीवाल्याला!" मास्तरांनी फळाभर वाक्य लिहिलं. "सांगा, कुणी काय केलं यात?"

मागून नरमीन उठली. "विधवेनं घर विकलं. नवरा, दीर, वकील, सगळे वऱ्हाडी."

छाती फुगली मास्तरांची, पण राग त्याहून फुगला. "येतंय की! मग इथं कशाला मरायला येतेस?"

"इथं चुकलं तर कुणी खडू आपटत नाही, बाबा."

"मी मारतो का तुला कधी?"

"मारत नाही. पण खडू आपटला की नवरदेवच पळून जातो. मग मी शोधू कुणाला?"

कुणीतरी फिसकन हसलं. मास्तर तणतणत निघाले. वाटेत मांजर आलं तर त्यालाही शिव्या.

जेवण झाल्यावर नरमीन आपणहून वही घेऊन बसली. मास्तरांनी वाक्य लिहिलं आणि खडू तिच्याच हाती दिला. तिनं पहिलाच वऱ्हाडी धरून त्याला नवरदेव केलं. मास्तरांची मान लाल झाली. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि दातओठ खात म्हणाले, "बघ पुन्हा. मी इथंच आहे."