शिगेचं माप

आमच्या घरी तांदूळ मापायचं काम अप्पांचं. अप्पा एका कॉलेजच्या ऑफिसात कामाला होते. सकाळी निघण्याआधी ते पितळेची पडी घेऊन तांदळाच्या डब्याशी बसत. पडी म्हणजे आमच्या तंजावूरकडचं जुनं माप. सरळ उभं, डब्यासारखं, दीड लिटरच्या जरा वर धान्य मावणारं. अप्पा ती बुडवून काढत आणि दुसऱ्या हाताने वर तांदूळ सोडत राहत, शीग टोकदार होऊन दाणे काठावरून ओघळायला लागेपर्यंत. मग म्हणत, “लाभ.” आमच्याकडे मोजणी ‘एक’ म्हणून सुरू होत नसे, ‘लाभ’ म्हणून होई. दोन्ही वेळच्या स्वयंपाकाला एकच पडी लागे, त्यामुळे आमच्या घरी रोज लाभच व्हायचा आणि मोजणी दोनावर कधी जायचीच नाही.

एक गोष्ट मात्र सक्त मनाई होती. शिगेवरून तळहात फिरवून माप सपाट करायचं नाही. लहानपणी खेळताना मी एकदा केलं तेव्हा अप्पांनी मारलं नाही, ओरडलेही नाहीत, पण तो तांदूळ डब्यात परत ओतून पुन्हा मापला. सपाट माप म्हणजे अपुरं माप, एवढं मला तेव्हापासून पक्कं ठाऊक.

दहावीत मी गणिताच्या प्रेमात होते. इतर विषयांत ‘का’ विचारलं की बाई वैतागत. गणितात विचारलं की निदान फळ्याकडे वळत. अकरावीला गणिताचा ग्रुप घ्यायचा, हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं. अप्पांचं म्हणणं वेगळं. कॉमर्स घ्यावं, राजवाड्याजवळच्या आमच्या गल्लीतून चालत जाता येईल अशा कॉलेजात शिकावं, मग बँकेच्या परीक्षा द्याव्यात. आमची बरीच धुसफूस झाली. शेवटी त्यांनी अट घातली: सहामाहीला गणितात नव्वद पडले तर गणित, नाहीतर कॉमर्स. निकालानंतर शाळा एक चिठ्ठी देई, कुठला ग्रुप हवा ते भरून वडिलांची सही आणायची. मी म्हटलं, नव्वद काय, त्याच्या वरच आणते. माझी जीभ तेव्हा माझ्या दोन पावलं पुढे चालायची.

सहामाहीच्या पेपरात घनफळावर पाच मार्कांचं गणित होतं. एक गोल पिंप तांदळाने भरलेलं आहे, त्रिज्या बेचाळीस सेंटिमीटर, उंची चौऱ्याऐंशी. सात सेंटिमीटर त्रिज्येच्या आणि चौदा सेंटिमीटर उंचीच्या मापाने तो तांदूळ किती मापं भरेल? मला हसूच आलं, इतकं सोपं. मापाची वृत्तचिती काढली आणि तिच्यावर, अजिबात विचार न करता, एक शंकू काढला. शीग. आमच्या पडीची शीग चार बोटं असे, म्हणून उंची चार सेंटिमीटर धरली, दोन्हींची घनफळं मिळवली आणि उत्तर काढलं: एकशे सत्त्याण्णव आणि वर थोडे दाणे. उत्तर असं तुटकं आलं तेव्हा तरी शंका यायला हवी होती. पण तांदूळ थोडा उरतोच की, असं म्हणून मी पुढच्या गणिताला लागले.

पेपर गुरुवारी मिळाला. सत्त्याऐंशी. शीगवाल्या गणितावर लाल फुली, पाचपैकी शून्य, कडेला बरोबर उत्तर: दोनशे सोळा.

मी पेपर घेऊन तडक स्टाफरूममध्ये गेले. आमच्या गणिताच्या मिस कमी बोलणाऱ्या. त्यांनी माझी आकृती पाहिली आणि हा शंकू कुठून आला, एवढंच विचारलं. मी म्हटलं, माप भरलं की शीग येतेच. त्या म्हणाल्या, प्रश्नात लिहिलेली नाही. मला राग आला होता आणि रागात मला चांगलं सुचतं. मी म्हटलं, मिस, पुस्तकात आइस्क्रीमच्या कोनाचं गणित आहे, त्यात कोन भरून वर अर्धा गोळा धरतो. आइस्क्रीमला डोकं असतं, मग तांदळाला का नाही?

शेजारच्या टेबलावरच्या तमिळच्या बाई हसल्या. मिस हसल्या नाहीत. तसं पाहिलं तर त्यांच्या घरी आणि वर्गातल्या सगळ्या मुलींच्या घरीही शिगेचंच माप असणार. पण त्या मुली वर्गात शिरताना घर चपलांसारखं बाहेर काढून येत. मला ते कधी जमलं नाही.

मिसनी बोट माझ्या चारच्या आकड्यावर ठेवलं. हा चार कुठला? मी म्हटलं, आमच्या पडीचा. त्यांनी विचारलं, तुमच्या पडीचं तोंड एवढंच रुंद आहे? मापून ये, म्हणाल्या.

त्या संध्याकाळी कंपासपेटीतली पट्टी आणि झाडूची एक काडी घेऊन मी स्वयंपाकघरात बसले. पडीची त्रिज्या सहा सेंटिमीटर, उंची चौदा. शीग चढवली, टोकातून काडी तळापर्यंत खुपसली, टोकाशी शाईची खूण केली आणि चौदा वजा केले. शीग चार सेंटिमीटर. माझी चार बोटं सडपातळ निघाली, पण आकडा बरोबर होता. मग घेतला आळाक्कु, पडीच्या आठव्या हिश्शाचं लहान माप. त्याची त्रिज्या तीन, शीग दोन. मी थबकले. मग अम्माचं रुंद पातेलं घेतलं. त्रिज्या बारा, आणि शीग चढवता चढवता अर्धा डबा रिकामा झाला. आठ.

सहाला चार, तीनाला दोन, बाराला आठ. तांदळाला उतार ठाऊक होता. माप कुठलंही असो, तो त्याच उतारावर थांबत होता, जरा जास्त घातला की घरंगळत होता. ही गोष्ट रोज सकाळी अप्पांच्या हाताखाली घडत होती आणि मी पंधरा वर्षं नुसता भात जेवत होते. मला इतका आनंद झाला की मी मोहरीचा डबा ओढला. मोहरी गोल, तिची शीग बसकी. तांदळाच्या पिठाची चांगली उभी. अम्मा दारात येऊन बघून गेली आणि म्हणाली, सांडलंस तर वेचायचं तूच.

रात्रीच्या जेवणाआधी माझ्या लक्षात आलं की मी चुकलेच होते. सात त्रिज्येच्या मापाची शीग चार असूच शकत नाही, ती साडेचाराच्याही वर जाते. शिगेने मापलं तर उत्तर एकशे चौऱ्याण्णव यायला हवं होतं. दोनशे सोळा नाही, पण माझे एकशे सत्त्याण्णवही नाहीत.

शुक्रवारी मी ते मिसना दाखवलं. त्यांनी तीनदा वाचलं, हिशेब स्वतः करून पाहिला आणि म्हणाल्या, “हे बरोबर आहे. पण हे तू पेपरात लिहिलं नव्हतंस.” मग म्हणाल्या, “परीक्षेत सगळं पाणी समजायचं. पाण्याला शीग नसते.” मार्क वाढले नाहीत. वाईट याचं वाटलं की त्यांचं म्हणणं मला पटलं होतं.

संध्याकाळी मी चिठ्ठी आणि पेपर अप्पांपुढे ठेवला. त्यांनी सत्त्याऐंशी पाहिले आणि खिशातलं पेन काढलं. मी रडणार नाही असं ठरवलं होतं, आणि रडले. तीन मार्कांसाठी नाही, मला ते गणित खरंच येत होतं म्हणून. अप्पांनी आमच्या घरच्या तंजावुरी मराठीत विचारलं, “कोठलं चुकलीस?”

मी शंकू दाखवला. मिसचं म्हणणं सांगितलं, उतार सांगितला, सहाला चार सांगितलं. मग म्हटलं, आपल्या पडीवर नुसती शीग किती असते ते आता मला काढता येतं. शिगेच्या एकवीस पड्या मापल्या तर नुसत्या शिगांच्याच आणखी दोन सपाट पड्या भरतात. अप्पांना ते खरं वाटलं नाही. “दाखव,” म्हणाले.

पडी त्यांनीच भरली, लाभ म्हणाले आणि माझ्या हातात दिली. शीग उतरवायची तर तळहात फिरवायला हवा. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं आणि हाताने खूण केली, कर म्हणून. मी शीग आळाक्कुत उतरवली. तो पाऊण भरला. अम्मा माणशी एका वेळेला एक आळाक्कु तांदूळ धरत असे.

अप्पांनी तो आळाक्कु हातात घेऊन पाहिला. म्हणाले, त्यांच्या वडिलांनी फक्त सपाट करू नको एवढंच शिकवलं होतं. वर एका माणसाचं जवळजवळ जेवण असतं हे कोणीच सांगितलं नव्हतं. मग त्यांनी चिठ्ठी ओढून घेतली. मी म्हटलं, अप्पा, नव्वद नाही पडले.

“सत्त्याऐंशी सपाट अहेत,” ते म्हणाले. “आपल्या घरांत सपाट मापत नाहीत.”

त्यांनी गणितासमोरच्या चौकोनात खूण केली, खाली सही केली. मग आळाक्कुतला तांदूळ पडीवर परत चढवला आणि चुलीवर पाणी तापलंय का, असं अम्माला विचारत आत गेले.