मीटरकाकांचं मनोगत

जिन्याखालच्या अंधाराला वास असतो. कुठे जुन्या चपलांचा, कुठे ओल्या पायपुसण्याचा, कुठे नुसत्या धुळीचा. मीटरकाकांना डोळे बांधून कुठल्याही जिन्याखाली उभं केलं असतं, तरी त्यांनी वासावरून घर ओळखलं असतं. एकतीस वर्षं त्यांनी वीज कंपनीचे मीटर वाचले. दार वाजवायचं, "मीटर" एवढा एकच शब्द बोलायचा, आत जायचं, बॅटरीचा झोत काचेवर टाकायचा, आकडा वहीत उतरवायचा आणि बाहेर पडायचं. अशा पाच-पाच मिनिटांच्या मुक्कामांत त्यांचं अर्धं आयुष्य गेलं.

आणि जिथे मीटर, तिथे मांजर. कोपरा अंधारा, डब्याला थोडी ऊब, माणसांची वर्दळ नाही. मांजराला आणखी काय हवं? कोणी पायांत घोटाळायचं, कोणी फिस्कारायचं, कोणी उघड्या वहीवर येऊन बसायचं. ते उठेपर्यंत कंपनीचा आकडा खोळंबून राहायचा. निवृत्त झाल्यावर काकांनी दोन वर्षं खपून ह्या मांजरांवर एक विनोदी पुस्तक लिहिलं. नाव ठेवलं 'चार पायांचे ग्राहक'. नाव सुचलं त्या सकाळी ते एकटेच इतके हसले, की कपातला चहा गार झाला.

त्यानंतर कोणीच हसलं नाही.

दुखणं ते हेच. बायकोने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि म्हणाली, "छान आहे." शेजारच्यांच्या नव्या पडद्यांना ती ज्या सुरात छान म्हणाली होती, त्याच सुरात. लेकीने कौतुकाने मुखपृष्ठाचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. उत्तरादाखल अंगठे आले, फुलं आली, जोडलेले हात आले. पण वाचून हसलो, असं एकानेही कळवलं नाही.

"विनोदी पुस्तक आहे ते," काका कावून म्हणाले. "आणि हे लोक हात जोडतायत. मी गेलो की काय?"

"सकाळी सकाळी अभद्र बोलू नका," बायको म्हणाली.

त्यात वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी रविवारी संध्याकाळी पाच वाजता त्यांचं वाचन ठरवलं. "लोकांना तुम्हीच सांगा हं काका. तुमची घरोघरी ओळख," म्हणाल्या. काकांनी मनाशी एक गाठ मारली आणि ती बायकोला बोलूनही दाखवली. शनिवारपर्यंत एक तरी माणूस हे पुस्तक वाचून त्यांच्यासमोर हसलं पाहिजे. खरं हसलं पाहिजे, तोंडदेखलं नाही. नाही हसलं, तर रविवारी ते वाचनालयाची पायरी चढणार नाहीत. न हसणाऱ्या माणसांसमोर विनोद वाचायचा, म्हणजे भर बाजारात उभं राहून आपणच आपल्याला गुदगुल्या करायच्या.

मंगळवारी ते पिशवीत प्रती भरून निघाले.

पहिलं घर शिंप्याचं. शिंप्याने दार उघडलं, काकांना पाहिलं, आणि लगेच मीटरपुढचे कापडाचे गठ्ठे बाजूला ओढायला लागला.

"अहो, राहू द्या. मी निवृत्त झालो."

"ते माहितीय. पण बरे आलात. मीटर नुसता पळतोय बघा."

"मी पुस्तक लिहिलंय."

"मीटरवर?"

"मांजरांवर."

शिंप्याने ओढलेला गठ्ठा तसाच हातात धरला. "आमची आहे का त्यात?"

"आहे ना. पान चौतीस."

शिंप्याने पान चौतीस काढलं आणि ओळीखाली बोट धरून सावकाश वाचलं. काका त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. गिऱ्हाइकाच्या कंबरेचं माप घेताना असतो, तसा त्याचा चेहरा शेवटच्या ओळीपर्यंत कोरडा राहिला.

"मासा हिने नव्हता पळवला," तो पुस्तक मिटत म्हणाला. "ती शेजारची होती. पांढरी."

"अहो, विनोद आहे तो."

"असेल. पण ही नव्हती."

औषधांच्या दुकानात तीच तऱ्हा. दुकानदाराने पुस्तक मागून उघडलं, पुढून उघडलं, आणि विचारलं, "मांजराला उलट्या झाल्या तर काय द्यायचं, ते कुठल्या पानावर?" न्हाव्याने प्रत ठेवून घेतली, पण आरशापुढची बाटली हलत होती म्हणून तिच्याखाली सरकवली. काकांबरोबर कंपनीत नोकरी केलेला एक जुना सोबती होता, त्याने तर हद्द केली. पुस्तक हातावर तोलून तो म्हणाला, "एवढं लिहिता येत होतं, मग ऑफिसात तक्रारींना उत्तरं लिहायची पाळी आली की मला का पुढे करायचास?"

ज्या दारात गेले, तिथे आधी मीटर दाखवला गेला. काका चिडचिड करत वाकायचे, आकडा बघायचे, "ठीक आहे" म्हणायचे. शुक्रवारपर्यंत त्यांनी एकोणीस मीटर वाचले होते. हसू शून्य.

"एकतीस वर्षं दारात उभा राहिलो," ते रात्री जेवताना म्हणाले. "लोकांनी माझं तोंड पाहिलंच नाही. त्यांना फक्त बॅटरी दिसली."

"पोळी घ्या," बायको म्हणाली.

शनिवारी एकच घर उरलं होतं. निवृत्त मुख्याध्यापिका बाईंचं. त्यांना काकांनी आठवड्यापूर्वीच एक प्रत देऊन ठेवली होती, कारण त्यांचा बोका पुस्तकाचा नायक होता. काकांनी त्याचं नाव 'तपासणीस' ठेवलं होतं. काकांनी आकडा लिहिला की तो वहीत डोकं घालून बघायचा, आणि त्याचं समाधान झाल्याशिवाय पान उलटू द्यायचा नाही. पण बाई हसतील ही आशा काकांना नव्हतीच. अख्ख्या शाळेने बाईंचे दात पाहिले नव्हते. ते गेले ते केवळ यादी पुरी करायला. कामात घर सोडायचं नाही, ही एकतीस वर्षांची सवय.

"वाचलंत का, बाई?" त्यांनी उंबऱ्यातूनच विचारलं.

"वाचलं. उद्गारचिन्हं फार आहेत. दमले मी." बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "आधी त्या जिन्याखाली बघा. चार दिवस टकटक आवाज येतोय."

"बाई, मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली."

"कान निवृत्त झाले नाहीत ना?"

काका जिन्याखाली शिरले. कुठे कुठे वाकायचं ते पाठीलाच माहीत होतं. आत तोच जुना वास, खडूचा आणि मांजराचा. टकटक मीटरची नव्हतीच. तपासणीस डब्यावर पसरला होता आणि झोपेत त्याची शेपटी पत्र्याच्या झाकणावर आपटत होती. काकांनी त्याच्या पोटाखाली हात घातला. त्याने एक डोळा उघडला, माणूस ओळखीचा बघून मिटला.

एवढ्यात बाहेर फोन वाजला.

जिन्याखालची जागा आणि बैठक यांच्यामधली भिंत लाकडी फळ्यांची होती. तिच्यातून सगळं ऐकू येतं, हे काकांना पहिल्या वर्षापासून माहीत होतं. अशा भिंती गावभर होत्या. घराघरांतली भांडणं, रडणं, उधार आणलेली हसणी काकांनी आकड्याबरोबर ऐकली होती आणि एकही शब्द दुसऱ्या दाराशी नेला नव्हता.

"हो, आलेत," बाई सांगत होत्या. शनिवारी त्यांच्या धाकट्या बहिणीचा फोन यायचा. "जिन्याखाली आहेत. हळू बोलते. अगं, ते पुस्तक... नाही, मांजरांचं ठीक आहे. पण पहिलं पान ऐक तू. ऐकच."

काकांचा हात बोक्याच्या पोटाखाली थांबला.

बाई वाचायला लागल्या. वर्गात धडा वाचावा तसा खणखणीत, मग दबका आवाज. "'एकतीस वर्षांच्या सेवेत मी साडेचार लाखांहून अधिक वेळा मीटर वाचला. एकाही मीटरने मला फसवले नाही. माणसांबद्दल असे म्हणता येत नाही. एकदा माळ्यावरून एक बोका माझ्या डोक्यावर पडला व मी स्टुलावरून पडलो. पडताना आकडा चार सहा दोन नऊ होता. उठल्यावरही...'"

पुढचं आलं नाही. आधी एक हुंदका आल्यासारखं झालं. मग पाण्याच्या नळात हवा अडकावी तसा आवाज. मग बाई हसल्या. शाळेच्या सगळ्या वर्षांचं साठलेलं एकदम सुटलं. "'उठल्यावरही... तोच होता,'" त्या धापा टाकत म्हणाल्या, आणि पुन्हा हसल्या.

ते मनोगत होतं. सगळ्या पुस्तकात तेवढंच एक पान काकांनी विनोदासाठी लिहिलं नव्हतं. आपल्या कामाचं इमान मोजक्या शब्दांत मांडावं, म्हणून तीन महिने त्यांनी ते पान घोटलं होतं.

अंधारात त्यांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. बाहेर फोन ठेवल्याचा आवाज आला, तसा त्यांनी बोका डब्यावर परत ठेवला. बाहेर आले तेव्हा बाई खुर्चीत ताठ बसून चष्मा पुसत होत्या.

"काय निघालं?"

"मांजर."

"उद्या येते मी. पाच म्हणजे पाच."

काकांनी दारात पाऊल अडवलं. "मनोगत वाचलंत का, बाई?"

"वाचलं," बाई चष्मा डोळ्यांवर चढवत म्हणाल्या. "गंभीर आहे."

घरी येऊन काकांनी पिशवी आदळली. बायको जमिनीवर बसून मटार सोलत होती. त्यांनी घडलेलं सगळं सांगितलं. कामाच्या इमानाला लोक हसतात, आणि जिथे हसायचं तिथे उलट्यांचं औषध विचारतात. उद्या जायचा प्रश्नच नाही. बायकोने मान वर केली नाही. फक्त तिचे खांदे हलले.

"तू पण?"

"नाही हो."

"माझ्याकडे बघून सांग."

"पहिल्याच दिवशी," ती ताटाकडे बघत म्हणाली. "तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा. उशीत तोंड घालून हसले."

"मग सांगितलं का नाही?"

"कसं सांगणार? ते पान लिहिताना तुमचे डोळे भरले होते. आणि बाकीच्या पुस्तकात तुम्ही विनोद केला की कोपराने ढोसता हो. आता हसा, आता हसा. माणूस दचकतं."

काका खुर्चीत बसले. त्यांना राग आला होता, पण राग धरायला कडी सापडत नव्हती. "तरी बाई काही माझ्यासमोर हसल्या नाहीत," ते हट्टाने म्हणाले. "भिंतीआड हसल्या. आपलं ठरलं होतं समोर. म्हणजे उद्याचं रद्द."

"बरं."

"आणि त्यात हसण्यासारखं काही नाहीये. थांब, तुलाच दाखवतो." त्यांनी पिशवीतून प्रत काढली, चष्मा लावला आणि मनोगत वाचायला लागले. प्रत्येक शब्द तोलून, त्याचा मान राखून. बायको ओठ घट्ट मिटून मटार सोलत राहिली. साडेचार लाखांपर्यंत तिने तग धरला. माणसांबद्दल असे म्हणता येत नाही, इथे तिने ताट घट्ट पकडलं. "'पडताना आकडा चार सहा दोन नऊ होता,'" काकांनी वाचलं, आणि तिच्याकडे करड्या नजरेने पाहिलं. "'उठल्यावरही तोच होता.'"

ताट उपडं झालं. मटार फरशीभर, कपाटाखाली, दारापर्यंत घरंगळत गेले, आणि बायको भिंतीला टेकून, डोळे पुसत, समोर बसून, खरं हसली.

काका मटार वेचायला वाकले. रविवार काही आता टळत नव्हता.

वाचनालयात अकरा माणसं होती. शिंपी आला होता, मागच्या रांगेत शेजारच्या पांढऱ्या मांजरीच्या मालकाशी वाद घालत होता. औषधवालाही आला होता. पहिल्या रांगेत बायको, आणि तिच्या शेजारी बाई, पाच म्हणजे पाच. काकांनी खुणेसाठी पान साठ दुमडून आणलं होतं, सगळ्यात चांगल्या विनोदाचं. त्यांनी ते उघडलं, त्यातली उद्गारचिन्हं पाहिली, आणि एकतीस वर्षांची आणि एका आठवड्याची सगळी चीड त्यांच्या तोंडावर गोळा झाली. त्यांनी दुमड सरळ केली आणि पहिलं पान काढलं.

"आधीच सांगतो," ते म्हणाले, "हे गंभीर आहे."

बाईंनी चष्मा काढून हातात घेतला.