उलट वाचन

कौटुंबिक कादंबऱ्या लिहिणारी माणसं दर रविवारी एकत्र बसली, की कादंबऱ्या अर्ध्यावर राहतात आणि किस्से मात्र पुरे होतात! आमच्या डोंबिवलीच्या बैठकीचं तसंच झालं. एक्कावन्न-बावन्न सालची गोष्ट. रिटायर्ड हेडमास्तर नाना आमचे म्होरके. त्यांचा एकच नियम होता: उलट वाचन. भांडणाचा प्रसंग लिहिलात, की ज्याच्यावर तुमचा राग त्याची वाक्यं तुम्ही स्वतः वाचायची. तुमची बाजू दुसरा कोणी वाचेल.

*

कुसुमताईंनी सासू-सुनेचं प्रकरण आणलं. ‘बघू तरी काय लिहिते’ म्हणून त्यांच्या खऱ्या सासूबाईही सोबत आल्या!

कुसुमताई सासूचं बोलणं वाचू लागल्या. आम्ही सगळे खाली मान घालून बसलेलो. वाचन संपलं.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, इतकी मवाळ मी कधी होते? घे पेन, सांगते!"

त्या दिवशी त्यांनी अडीच पानं सांगितली. कादंबरीत तीच पानं सगळ्यात जिवंत आहेत.

*

नानांचा खलनायक म्हणजे खडवलीचा चुलतभाऊ. विहिरीवरून भांडण. नाना त्याची बाजू तावातावानं वाचत गेले, मग सावकाश, मग थांबले. चष्मा काढला.

"च्यायला, बरोबर होतं की त्याचं!"

पुढच्या रविवारी मी विचारलं, "नाना, खलनायकाचं काय?"

"शोधतोय रे. घरात आता मीच उरलोय!"

*

माझी कादंबरी दोन भावांची. पहिली सव्वाशे पानं पत्नीच्या अक्षरात आहेत, कारण पक्की प्रत तीच करायची. ती गेली तेव्हा माझा धाकटा भाऊ वसंता अंत्ययात्रेला पोचला नाही. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. तिच्या वर्षश्राद्धाआधी कादंबरी पुरी करायचीच, असं मी ठरवलेलं. महिना उरला होता.

अडलं एकाच ठिकाणी. वहिनीच्या दहाव्याला धाकटा दारात येतो. थोरला विचारतो, "आता कशाला आलास?" पुढे जागा कोरी.

नियमाप्रमाणे धाकटा मी वाचायचा. पण वाचायला वाक्यंच नव्हती.

कुसुमताई म्हणाल्या, "तुमच्या भावालाच विचारा ना!"

"त्याला? शक्य नाही."

नाना म्हणाले, "मग कादंबरी बंद कर. त्याच्या तोंडी तुझी वाक्यं घालू नकोस."

बंद तर करायची नव्हती. पुढच्या रविवारी ठाण्याला उतरलो, खोपटहून बस धरली आणि बाळकुमला वसंताकडे गेलो.

वसंता ओटीवर होता. मी कागद पुढे केला, नियम सांगितला. त्यानं तो वाचला.

"म्हणजे दादा मी, आणि वसंता तू?"

"हो."

तो वाचू लागला, "आता कशाला..." आणि थांबला. "हे खोड. दादा एवढंही बोलला नव्हता. दहाव्याला मी आलेलो, तेव्हा त्यानं आतून कडी लावली."

मी ते वाक्य खोडलं.

"आता तुझी पाळी. दाराबाहेर वसंता उभा आहे. वाच."

कोऱ्या जागेवर मी बोट ठेवलं. मग वाचलं, "दादा, दार उघड."

वसंता म्हणाला, "तीनदा म्हणालेलो. तीनदा लिही!"