सोड्याच्या बाटलीतला ज्वालामुखी

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास ठाण्याचं आकाश रोज संध्याकाळी लालभडक व्हायचं. जावा बेटाकडे डोंगर फुटला आणि त्याची राख हवेत पसरली, असं वर्तमानपत्रात आलं होतं. पण गावात कोणी म्हणे साथ येणार, कोणी म्हणे राज्य बुडणार. माझ्या शाळेतल्या मुली घाबरून गप्प बसत, आणि मी पडलो तापट. मला ते बघवेना.

तलावपाळीवरची माती आणून आम्ही शाळेच्या अंगणात हातभर डोंगर केला. स्टेशनावरून आणलेली गोळीची सोडा बाटली खळखळून हलवली आणि डोंगराच्या पोटात पुरली. तोंडाशी चिमूटभर कुंकू टाकलं.

"या पाण्यात हवा दाबून कोंडली आहे," मी म्हटलं. "डोंगराखालच्या वितळलेल्या दगडात वाफ अशीच कोंडलेली असते. वरचा दाब सुटला की काय होतं, बघा."

अंगठ्याने गोळी आत ढकलली मात्र, फस्सकन लाल फेस उसळला तो थेट माझ्या पागोट्यावर. पोरी हसून हसून लोळल्या. त्यांतल्या सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत आगाऊ पोरीने बोट बुडवून चाटलं. "मास्तर, जिभेला चावतंय हो!"

मीही हसलो. सोड्याचं ते पाणी कोणत्या जातीच्या हातचं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. संध्याकाळी तिचे वडील दारात हजर. कचेरीत कारकून, सोवळ्याचे कडक.

"माझ्या मुलीचा धर्म बुडवलात. उद्यापासून तिची शाळा बंद."

"अहो, डोंगर काय तुमचं सोवळं विचारून फुटतो?" मी बोलून गेलो आणि जीभ चावली. माझ्या तोंडापायी पोरीचं शिक्षण सुटणार, ही टोचणी लागली.

दोन दिवस तिची जागा रिकामी होती. तिसऱ्या दिवशी वडीलच तिला हाताला धरून घेऊन आले.

"पंचगव्य दिलं, शुद्ध झाली," ते म्हणाले. "पण हिचे प्रश्न काही थांबत नाहीत. गोळी ढकलायच्या आधी फेस का नव्हता? दगड वितळतो कसा? मला एकाचंही उत्तर येत नाही, मास्तर. तुम्हीच सांभाळा हिला."

मला इतका आनंद झाला की माफी मागायची होती तीही नीट मागता आली नाही. पोरगी तोवर जागेवर बसली होती.

"मास्तर, मग आपला मुंब्र्याचा डोंगर का नाही फुटत?"

जायला निघालेले वडील उंबऱ्यातच थबकले. त्यांनी जोडे काढले आणि मुलींच्या मागे मांडी घालून बसले.