उजव्या कानासाठी एक रेकॉर्ड

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत तो काचा घासायचा आणि पुढे काउंटरवर त्याची बायको गिऱ्हाईक सांभाळायची. मध्ये एक पडदा. पडद्याआडून चाकाची घरघर आणि त्याच्यावर पडणाऱ्या पाण्याची बारीक धार ऐकू आली, की गिऱ्हाईक समजायचं, चष्मेवाला आत आहे. बायकोला काही विचारायचं असलं तर ती पडदा सारून त्याच्या उजव्या बाजूला येऊन उभी राहायची. डावीकडून बोलण्यात अर्थ नव्हता. लहानपणी गालगुंड झालं, ताप उतरला, पण डावा कान गेला तो गेलाच. शाळेतली मुलं मुद्दाम डावीकडे बसून त्याला शिव्या घालायची आणि तो आपला हसत बसायचा.

अशा माणसाने जॅझ-रॉकच्या नादी लागावं ही गंमतच होती. ते संगीत दोन्ही कानांनी ऐकायचं. गिटार एकीकडून यावी, कीबोर्डने दुसरीकडून तिला उत्तर द्यावं, आणि ड्रम्सनी मध्ये उभं राहून दोघांना पळवावं. ते त्याला पहिल्यांदा ऐकवलं त्याच्या मित्राने. मित्र हॉटेलांतून ड्रम वाजवायचा म्हणून त्याला सगळे ढोल्या म्हणायचे. त्याच्या खोलीत, पलंगाखाली पाय पसरून, एका स्पीकरला उजवा कान लावून हा बसला तो दुपारचा संध्याकाळपर्यंत हललाच नाही. त्यानंतर याने पहिल्या कमाईतून टर्नटेबल घेतला. रेकॉर्ड गोळा करता करता दुकानावरच्या घरातली एक अख्खी भिंत भरली. पाळणा ठेवायला जागा नव्हती, तेव्हा बायको म्हणाली, "पोरीला कव्हरात घालून ठेवू का?" तेव्हा कुठे एक फळी रिकामी झाली.

रविवारी ढोल्या यायचा. दोघांचा एकच वाद: सगळ्यांत भारी रेकॉर्ड कुठली? नावं ते घेत नसत, कव्हरवरून बोलत. पुलाची, कोंबड्याची, निळी, बाईच्या पाठीची. ढोल्या पुलाच्या रेकॉर्डवर जीव टाकायचा. हा म्हणायचा, तिच्यात नुसती तालीम आहे, माणूस नाही. ढोल्या म्हणायचा, "गप रे, तुला अर्धीच ऐकू येते. तुझं मतही अर्धंच धरायचं." मग दोघं एकमेकांच्या अंगावर धावून जायचे, चहा गार व्हायचा, आणि बायको स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. पण एक रेकॉर्ड निवड म्हटलं की हा अंग काढून घ्यायचा. "एक कशाला? आयुष्य पडलंय."

मुलगी मोठी झाली, शिकली, दूरच्या शहरात नोकरीला लागली. तिला त्या संगीतातलं काही कळायचं नाही. लहानपणी दार ढकलून आत आली, की बाबा एक हात वर करायचा, तळवा तिच्याकडे. म्हणजे थांब, ही गत संपू दे. गत लांबलचक असायची. ती उंबऱ्यावर बसून राहायची, मग कंटाळून जायची. बायकोलाही तोच तळवा. त्या घरात तो हात सगळ्यांच्या परिचयाचा होता.

मग उजवा कान वाजायला लागला. आधी बारीक शिटी, मग चक्कर. डॉक्टरीणबाईंनी आतले फोटो काढले. ऐकण्याच्या नसेवर गाठ होती. वाढत होती, मेंदूला रेटत होती. काढायलाच हवी. आणि गाठीबरोबर नसही जाणार.

"म्हणजे थोडं कमी ऐकू येईल," बायको म्हणाली.

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या चांगल्या होत्या, आडवळण घेतलं नाही. "काहीच नाही. तारीख पुढच्या महिन्यातली देते. तोवर जे ऐकायचं ते ऐकून घ्या."

बाहेर पडल्यावर रस्त्यात बायकोने त्याचा हात धरला. त्याच्या डोक्यात तेव्हाच चालू झालं होतं: कुठली?

त्या प्रश्नाने त्याला जे झपाटलं, ते शेवटपर्यंत. दुकान बायकोवर टाकून तो वर भिंतीसमोर बसू लागला. सगळ्या ऐकून होणार नव्हत्या. एकच ठरवायची आणि कान बंद व्हायच्या आधी ती नीट, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची. म्हणजे पुढचं सगळं आयुष्य ती डोक्यात वाजवता येईल. असा त्याचा हिशेब. बायको जेवायला बोलवायची तेव्हा तो कव्हरं जमिनीवर मांडून बसलेला असायचा, रोज एखादं उचलून बाजूला सारत. ती एकदा म्हणाली, "माझ्याशीही बोला थोडं. नंतर मी बोलणार कुणाशी?"

"बोलतोय की."

"हे बोलणं?"

तिला काय म्हणायचंय ते त्याला कळत होतं. पण तो हट्टाला पेटला होता, आणि शिवाय त्याला भीती वाटत होती. बायकोशी बोलायला बसलं की ती रडायची आणि मग त्यालाही रडू यायचं. रेकॉर्ड रडत नव्हती.

त्याने ढोल्याला बोलावून घेतलं. म्हटलं, भांडू, म्हणजे ठरेल. ढोल्या आला. केस पांढरे झाले होते, मनगटं धरली होती, ड्रम कधीच सुटले होते. तो खुर्चीच्या कडेवर, पाहुण्यासारखा बसला.

"निळी घेऊ का?" याने विचारलं.

"घे. छान आहे निळी."

"तू तिला भंगार म्हणायचास."

"तेव्हा म्हणायचो. चांगली आहे रे."

"आणि कोंबड्याची?"

"तीही चांगली आहे. तुझ्या मनाला येईल ती घे."

"आणि पूल? पूल भंगार आहे. नुसती तालीम. बोल!"

ढोल्याने मनगट चोळलं. "असेल," तो म्हणाला. "तुझंच बरोबर असेल."

याच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढी वर्षं ज्याने एक ताल सोडला नाही, तो आज दयेपोटी अख्खा पूल देऊन टाकत होता. "नीघ," तो म्हणाला. "कीव करायला बोलावलं नव्हतं." ढोल्या निघाला. जिन्यात बराच वेळ थांबला होता, असं बायकोने नंतर सांगितलं. याने खाली जाऊन बघितलं नाही.

शेवटी त्याने बाईच्या पाठीची रेकॉर्ड निवडली. का, ते त्याला स्वतःलाही धड सांगता आलं नसतं. तिच्यात दुसऱ्या बाजूला एक सॅक्सोफोन आहे, तो एकटाच सुरू होतो आणि बाकीचे हळूहळू त्याच्याभोवती गोळा होतात, बहुधा तेवढ्यासाठी.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. संध्याकाळी दवाखान्यात भरती व्हायचं होतं आणि मुलगी गाडीने परस्पर तिकडेच यायची होती. दुपारी जेवण झाल्यावर त्याने खिडक्या लावल्या, रेकॉर्ड पुसली, सुई टेकवली आणि उजवा कान स्पीकरकडे करून बसला.

काहीतरी बिघडलंय असं आधी त्याला वाटलं. झांजा नव्हत्याच. गिटार होती, पण भिंतीपलीकडे कुणी फर्निचर सरकवावं तशी. त्याने आवाज वाढवला, तर नुसती घरघर वाढली, कानातल्या शिटीत मिसळली. गेल्या महिन्याभरात कान इतका खाली गेला होता, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. रोज थोडं थोडं ऐकत त्याचं डोकं उरलेलं आठवणीने भरून काढत होतं. तरी तो उठला नाही. दुसरी बाजू लावली. सॅक्सोफोन येईल, तो मोठा असतो, तो ऐकू येईल, असं म्हणत डोळे मिटून बसला.

दार उघडलं. बायको हातात फोन धरून उभी होती. तिने फोन पुढे केला. त्याने हात वर केला. तळवा तिच्याकडे.

तिने फोन परत कानाशी नेला. मग दार ओढून गेली.

सॅक्सोफोन आला की नाही, त्याला नक्की कळलं नाही. सुई शेवटच्या रेघेत फिरत राहिली होती. ती केव्हापासून फिरत होती, तेही कळलं नाही. बाहेर आल्यावर बायकोने विचारलं, "झालं मनासारखं?"

"झालं," तो म्हणाला.

संध्याकाळी दवाखान्यात त्याला कपडे बदलायला लावले, हाताला सुई टोचून ठेवली. तो दाराकडे बघत होता. "ती कुठवर आली?"

"तिची गाडी चुकली," बायको म्हणाली. "पुढची मिळाली. उद्या दुपारी पोचेल."

"दुपारी? मला सकाळी आत नेतील!"

"माहितीये."

त्याने फोन मागितला, मुलीला लावला. लागेना. रस्ता डोंगरातला, गाडी आता रेंजच्या बाहेर गेली होती. पुन्हा लावला, पुन्हा. कानाशी कोरड्या आवाजातली एक बाई तेच तेच वाक्य बोलत होती. ते मात्र त्याला चांगलं ऐकू आलं.

"तुला कधी कळलं?"

"दुपारी. स्टेशनवरून तिचा फोन होता."

"आणि मला आत्ता सांगतेस?"

"फोन घेऊन आले होते मी." बायको त्याच्या उजवीकडे वाकली, एकेक शब्द सुटा करून बोलली, खोलीतल्या दुसऱ्या पेशंटनेही मान वळवली. "तुमच्याशीच बोलायचं होतं तिला. तुम्ही हात दाखवलात."

"तू सांगायचंस, तिचा आहे म्हणून!"

"कधी थांबलात तुम्ही? एवढ्या वर्षांत एकदा तरी? ती म्हणाली, राहू दे आई, बाबांना ऐकू दे. पोरगी रडत होती आणि म्हणाली, ऐकू दे."

तो म्हणाला, तूच मुद्दाम केलंस, सूड उगवलास. ती खाली सतरंजी अंथरू लागली. नर्सने येऊन दिवा मालवायला सांगितला, आणि दोघं पाठ करून पडून राहिली, तो पलंगावर आणि ती खालच्या सतरंजीवर.

सकाळी त्याला गाडीवर घालून नेताना बायको बाजूने चालत होती. तिने काहीतरी म्हटलं. तिचे ओठ हलताना त्याला दिसले. पण माणसांच्या गर्दीत तिला डावीकडेच जागा मिळाली होती, आणि त्याने मान वळवेपर्यंत दारं मिटली.

गाठ निघाली. तो जगला, चालायला लागला, तोंडाची उजवी बाजू थोडी ओघळली तेवढंच. मुलगी आली, त्याच्या उशाशी बसली, त्याच्या हातावर डोकं ठेवून काय काय बोलली. त्याने विचारलं, तेव्हा स्टेशनवरून काय सांगायचं होतं? तिने उशाशी ठेवलेल्या पाटीवर लिहिलं: काही नाही, उशीर होईल एवढंच. तो म्हणाला, खरं सांग. तिने तेच वाक्य पुन्हा लिहिलं आणि त्याच्याखाली रेघ मारली. बायकोला त्याने विचारलं, दारापाशी काय म्हणालीस? बायकोने पाटी घेतली, बराच वेळ खडू धरून बसली, मग लिहिलं: आठवत नाही.

मुलीचा आवाज आठवायचा त्याने पुष्कळ प्रयत्न केला. लहानपणचा थोडा सापडायचा. मोठेपणचा नाही. रेकॉर्डही डोक्यात वाजेना; सुरू केली की बायकोचं ते दवाखान्यातलं बोलणं मध्ये यायचं, अगदी स्वच्छ, शब्दन् शब्द.

महिन्याभराने तो मागच्या खोलीत पुन्हा काचा घासू लागला. चाकाचा आवाज आता बोटांना कळायचा. त्याने ढोल्याला निरोप धाडून बोलावलं आणि भिंतीकडे बोट दाखवलं: सगळ्या ने. ढोल्या टेम्पो घेऊन आला. खोकी जिन्यावरून खाली नेऊन झाल्यावर शेवटची एक हातात धरून त्याने पाटीवर लिहिलं: ही तरी ठेव. बाईची पाठ होती. याने ती खोक्यात टाकली आणि खोकं पायाने पुढे सरकवलं. बायको दारात उभी राहून बघत होती. बोलली असती, तरी त्याला काय कळणार होतं?

भिंत मोकळी झाली. तिथे बायकोने एक खुर्ची टाकली. रोज दुकान बंद झाल्यावर ती तिथे बसून मुलीशी फोनवर बोलते, चेहरा दिसतो तसल्या फोनवर. ती हसते, हात हलवते, बऱ्याच दिवसांत कुणाला इतकं सांगितलं नसेल इतकं सांगते. तो समोर बसतो. थोडे ओठ आता त्याला वाचता येतात. एकदा मुलीने पलीकडून बाबा कुठे असं विचारलं असावं. बायकोने मान न वळवता उत्तर दिलं.

"हो, इथेच बसलेत."

आणि दोघी पुढच्या विषयाकडे वळल्या. तो थोडा वेळ बसून राहिला, मग जिना उतरून खाली गेला. दुसऱ्या दिवशीच्या काचा काढल्या, एकेक दिव्यासमोर धरून पुसल्या आणि पाकिटांत घातल्या.